मानसशास्त्र घेऊन काय करणार?

परवा नांदेडला मामेबहिणीने बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, तर घरात सुतक! "पुढे काय करणार?" मी कोडिंगवर पोट भरणारा, पण टाळकंच सरकलं.

शेजारी लातूरला 'पॅटर्न'पायी हजारो पोरं खोल्या घेऊन नीटसाठी झुरतात. चौकाचौकात रँकवाल्यांचे फ्लेक्स. मन मोकळं करायला माणूस नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत, क्लासेससुद्धा, प्रशिक्षित समुपदेशक हवाच. मग काम नाही कसं? नुसत्या बी.ए.वर भागणार नाही, एम.ए. आणि प्रशिक्षण लागेल, मान्य. पण फ्लेक्सला पैसे आहेत आणि समुपदेशकाच्या पगाराला नाहीत?

पालकहो, फी भरताना एवढंच विचारा, "तुमचा समुपदेशक कुठे बसतो?"