चक्रवाकाला ब्राह्मण कोणी केले?

थंडी पडली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बेंबळा, अरुणावती, पूस या धरणांच्या पाण्यावर लडाख-तिबेटकडचे पाहुणे पक्षी उतरतात. राज्य शासन २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा करते. ५ नोव्हेंबर हा दिवंगत मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. उपक्रम चांगला आहे. आमच्या वस्तीतल्या पोरांनी मोबाईल खाली ठेवून तलावाकाठी उभे राहावे, हे आम्हालाही हवे आहे. म्हणूनच आम्ही एका शाळेच्या मुलांसोबत बेंबळ्याच्या काठावर गेलो होतो.

काठच्या चिखलात एक लहानसा पांढरा-काळा पक्षी शेपूट खालीवर करीत धावत होता. माहिती देणारे गृहस्थ म्हणाले, "हा धोबी." झाले! सगळा वर्ग एका मुलाकडे वळून हसू लागला. त्याच्या वडिलांची इस्त्रीची हातगाडी आहे. गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते, पुस्तकात जे नाव आहे तेच त्यांनी सांगितले. पण परतताना तो मुलगा हळूच आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, हे पाखरू आमच्या जातीचं हाय काय?" कोर्टात वीस वर्षे उलटतपासणी घेणाऱ्या आम्हाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मराठी पक्ष्यांची यादी काढली. तांबट, सुतार, शिंपी, खाटीक, धोबी, कोतवाल. अख्खे गावगाड्याचे बलुते झाडावर बसलेले! आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, ही सगळी नावे बदलून टाका. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. तांबट पक्षी टुक-टुक आवाज करतो, तो तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीसारखा. शिंपी पाने शिवून घरटे करतो. खाटीक भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो, आणि धोब्याची शेपटी घाटावर कपडे आपटावेत तशी हलते. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी पाहिला होता आणि कष्टकऱ्याचे कामही पाहिले होते. हे निरीक्षण कोणत्याही विद्यापीठाचे नाही, ते आपल्याच बापजाद्यांचे आहे. उलट, पुस्तकात शिरताना या लोकांचे नाव कसे मागे पडते तेही पाहा. खेड्यात ज्याला कुंभार कावळा म्हणतात, तोच पुस्तकात भारद्वाज होतो. मडके घडवणारा गेला, गोत्र आले.

आता खरा मुद्दा. त्याच सकाळी पाण्यात नारिंगी-बदामी रंगाची एक देखणी जोडी पोहत होती. नाव सांगितले गेले 'ब्राह्मणी बदक'. तेव्हा मात्र कोणी हसले नाही, कोणी कोणाकडे वळून पाहिले नाही! आमचा प्रश्न साधा आहे. तांबटाला, शिंप्याला, धोब्याला कामावरून नाव मिळाले. या बदकाने ब्राह्मणाचे असे कोणते काम केले? पोथी वाचली की दक्षिणा घेतली? यादीत ब्राह्मणी घार आहे, ब्राह्मणी मैना आहे. बाकीच्यांना नाव कर्माने, यांना मात्र रंगरूपाने! (आमच्या चळवळीत 'ब्राह्मणी' हा शब्द व्यवस्थेसाठी वापरतात. बिचाऱ्या बदकाशी आमचे भांडण नाही.)

या पक्ष्याचे जुने नाव चक्रवाक. संस्कृत काव्यातही तो चक्रवाकच आहे. इंग्रजी पुस्तकांनी त्याला 'ब्राह्मिनी डक' केले आणि आम्ही ते मुकाट्याने मराठीत आणले. पालीत तो चक्कवाक आहे आणि त्याच्या नावाचे जातकही आहे. पूर्वजन्माच्या गोष्टी म्हणून आम्ही जातके मानत नाही. पण त्या काळचे लोक काय पाहत होते याचा पुरावा म्हणून ती जरूर वाचतो. त्या कथेत एक हावरट कावळा या जोडीला विचारतो, तुमचा रंग एवढा सुंदर कसा, काय खाता? चक्रवाक सांगतो की आम्ही शेवाळ खातो आणि कोणाला इजा करीत नाही. विशेष म्हणजे तिथे कावळ्याला हे पक्षी काषाय वस्त्र नेसलेले दिसतात. म्हणजे ज्याच्या अंगावर आपल्या पूर्वजांना भिक्खूचे चीवर दिसले, त्याला आज आमचीच मुले ब्राह्मण म्हणून ओळखतात!

नावात काय आहे, असे विचारणाऱ्यांनी जानेवारी १९३८ आठवावा. अस्पृश्यांना कायद्यात 'हरिजन' म्हणण्याच्या प्रस्तावाविरुद्ध बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड मुंबई विधानसभेतून सभात्याग करून बाहेर पडले होते. अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती मॅकाउनचे नाव एका पक्ष्याला होते, ते २०२० मध्ये काढले गेले. पुढे २०२३ मध्ये तिथल्या पक्षिशास्त्र संस्थेने माणसांची नावे असलेल्या आपल्याकडील पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. आपल्या राज्यानेही डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे हटविण्याचा निर्णय घेतला. वस्तीच्या फलकावरून जात उतरू शकते, तर तलावाच्या फलकावरून का नाही?

वन विभाग आणि शिक्षण विभागाला द्यायचे निवेदन आम्ही तयार केले आहे. शासकीय फलकांवर आणि शाळेच्या तक्त्यांवर ब्राह्मणी बदकाऐवजी चक्रवाक आणि ब्राह्मणी मैनेऐवजी भांगपाडी मैना लिहावे. ही नावे मराठीत आहेतच, नवी घडवायची गरज नाही. धोबी, खाटीक या नावांचे काय करायचे ते त्या त्या समाजाच्या माणसांना विचारून ठरवावे. आम्ही वकील आहोत म्हणून त्यांच्या वतीने परस्पर बोलणार नाही. तोवर मुलांना नाव सांगताना शिक्षकांनी आधी त्या कामाची ओळख करून द्यावी. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटनेनेही हा विषय आपल्या संमेलनात घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

त्या मुलाला आम्ही पुन्हा बोलावले आहे. चक्रवाक उन्हाळा लागेपर्यंत राहतात. रविवारी सकाळी सहाला विहारासमोरून निघायचे आहे. दुर्बीण एकच आहे, ती आळीपाळीने मिळेल.