नुसती चिलापीच!

"उजनीत मासा भरपूर निघतो की, मग तुझी तक्रार काय?" असं माढ्याच्या एका नातेवाइकांनी विचारलं. उत्तर फोनवर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

मासा निघतो, पण कुठला? बहुतेक चिलापी. तिला वाहतं पाणी लागत नाही. संथ पाण्यात तळाशी खड्डा करते, अंडी तोंडात सांभाळते, झालं काम! महाशीरला मात्र खडकाळ, वाहतं पाणी हवं. वाम दगडाच्या कपारीत दडते. रोहू-कटला पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून तर बोटुकली आणून सोडावी लागते.

आपला तालुका भीमा आणि सीनेच्या मधला. पूर्वी या नद्यांत डोह होते, उथळ धार होती, वाळूचे पट्टे होते. १९८० साली उजनी धरण झालं, खाली बंधाऱ्यांची रांग लागली, वाळू तर ट्रकने गेली. धरणाने तालुक्याला ऊस दिला हे नाकारत नाही (आमच्या घरातही तोच पैसा आला). पण नदीचं आता एकाच नमुन्याचं तळं झालंय.

अलास्कातल्या ब्रिस्टल बे इथल्या सॅमनवर २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शेकडो वेगवेगळे ओढे आणि तळी. एका वर्षी एका ओढ्यातला मासा कमी झाला, तर दुसऱ्यातला भरून काढतो. सगळा मासा एकाच प्रकारचा असता, तर मासेमारी बंद ठेवायची वेळ दहापट जास्त आली असती, असा हिशेब निघाला. आपल्याकडे जिरायती शेतकरी ज्वारीत तूर-करडई उगीच टाकत नव्हता!

कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा शास्त्रीय नावांत कोळस, नुक्ता अशी इथलीच नावं घातली. आज मासळीबाजारात नुक्ता ओळखणारे किती सापडतील, शंकाच आहे.

माझं म्हणणं एवढंच, की नुसतं मत्स्यबीज सोडून भागणार नाही. उरलेले डोह राखा, तिथली वाळू उपसू नका, आणि पावसाच्या सुरुवातीला चढणीचा मासा धरणं थांबवा. चिलापीला रोग लागला किंवा उजनी तळाला गेली, तर जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबांना दुसरा मासा कुठून मिळणार?