दागिना मोडण्याआधी हिरा वेगळा मोजा

नागपुरात कळमन्याच्या बाजार समितीत संत्र्याची बोली उघड्यावर लागते. मिरचीची आवक किती झाली, तूर कितीला गेली, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते आणि ते वाचून शेतकरी माल आणायचा की थांबायचे हे ठरवतो. त्याच शहरातल्या इतवारीच्या सराफ्यात आजीच्या काळातल्या हिऱ्याच्या कुड्या विकायला नेल्या, तर असा कुठलाच भाव समोर नसतो. सोने तोलले जाते, घट धरली जाते आणि हिऱ्यांबद्दल बहुधा एवढेच ऐकायला मिळते की जुन्या हिऱ्यांना मोड नाही. एका पिढीपूर्वी हे व्यापाराच्या हिशेबात बसत होते, आज बसत नाही. जुन्या कटच्या हिऱ्यांचा बाजार बदलला आहे. हा बदल घरातल्या तिजोरीपर्यंत पोहोचायचा असेल, तर हिऱ्याचे मूल्यांकन सोन्यापासून वेगळे, लेखी आणि दागिना मोडण्याआधीच व्हायला हवे.

जुना कट म्हणजे काय, हे आधी पाहू. यांत्रिक करवत येण्यापूर्वी कारागीर खडा हाताने घासून पैलू पाडत आणि कच्च्या खड्याचा मूळ आकार होईल तितका राखत. म्हणून हे हिरे किंचित चौकोनी किंवा ओबडधोबड गोल दिसतात. त्यांचा माथा उंच आणि वरचा सपाट पैलू लहान असतो. तळाचे टोक छाटलेले असल्याने वरून पाहताना मध्यभागी बारीक वर्तुळ दिसते. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की याने प्रकाश जास्तीत जास्त परतवणाऱ्या कोनांचे गणित मांडले आणि पुढे गोल ब्रिलियंट हाच हिऱ्याचा मापदंड ठरला. किमतीचे तक्तेही त्याच मापाने बनले. त्या मापात जुना हिरा सदोष ठरे. नव्याने पैलू पाडल्यावर किती वजन उरेल याचा अंदाज बांधून त्याची किंमत लावली जाई. सराफाचा नकार या गणितातून आलेला आहे, त्यात दरवेळी लबाडी शोधण्याचे कारण नाही.

या मापदंडाने काय गमावले, याचा सर्वांत ठसठशीत दाखला महाराष्ट्रातलाच आहे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी ज्याचे नाव जोडले जाते तो ‘नाशिकचा हिरा’ १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनमध्ये नव्याने पैलू पाडल्यावर तो ७८ कॅरटच्या आसपास उरला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला आधुनिक आकार दिला आणि वजन ४३.३८ कॅरटवर आले. म्हणजे निम्म्याहून अधिक हिरा चकाकीच्या बदलत्या कल्पनांपायी भुकटी झाला. मधल्या काळात तो अमेरिकेत गेला, तेव्हा पुरातन कलावस्तू म्हणून त्यावर जकात माफ व्हावी की नाही, असा वादही न्यायालयात झाला आणि अपिलात माफीचा दावा टिकला नाही. नागपूरचा अनुभव याहून कडू आहे. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीला मातीमोल भावाने विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. त्या विक्रीत खजिन्याची ओळख पुसली गेली. कुठला खडा कुठल्या दागिन्यातला, हे एकदा सुटले की पुन्हा जोडता येत नाही.

आज हिशेब उलटला आहे, आणि त्याचे कारण प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे आहेत. डी बिअर्स या हिरे कंपनीने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावाने असे हिरे कॅरटला ८०० डॉलर या दराने बाजारात आणले आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, कारण या हिऱ्यांचे भाव कोसळले होते. त्याच वर्षी जीआयए या संस्थेने प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेची नेहमीची श्रेणी देणे थांबवले. निर्दोष, एकसारखा, झगझगीत गोल हिरा आता कारखान्यात हवा तितका तयार होतो. साहजिकच ग्राहकाची नजर ज्यात माणसाचा हात दिसतो अशा खड्याकडे वळली. ऑगस्ट २०२५ मध्ये टेलर स्विफ्टच्या साखरपुड्याच्या अंगठीत जुन्या कटचा हिरा दिसला आणि ही मागणी घरोघर पोहोचली. पण ती त्याआधीच वाढू लागली होती. अंगठीने तिला फक्त चेहरा दिला.

यावर पहिला आक्षेप असा की जुना कटही प्रयोगशाळेतल्या खड्यावर पाडता येतो, मग दुर्मिळता उरली कुठे? आक्षेप खरा आहे. अशा नकला विकल्याही जातात. दुकानात सर्रास वापरले जाणारे उष्णतेवर चालणारे टेस्टर पेन खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा वेगळा ओळखू शकत नाही, कारण दोन्ही अस्सल हिरेच असतात. पण यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. केवळ आकाराला आता किंमत उरलेली नाही, किंमत आहे ती आकारामागच्या पुराव्याला. प्रयोगशाळेचा अहवाल हा एक पुरावा. जुने कोंदण, बंद पाठीमागचा डाक (खड्याखालचा चकचकीत पत्रा), झिजलेल्या कडा आणि घरातली जुनी पावती किंवा छायाचित्र हा दुसरा. सविस्तर श्रेणीसाठी हिरा कोंदणातून काढावा लागतो, हे खरे. पण काढण्यापूर्वी दागिन्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे आणि वजनाची नोंद करता येते. जो घाईने खडे उपटून सोने वितळवतो, तो आपला निम्मा पुरावा मुशीत घालतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या लिलावातले भाव नागपूरच्या घराला काय कामाचे? शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी व्यक्तीने परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. शिवाय बहुतेक घरांत असतात ते बारीक खडे, होळकरांच्या खजिन्यातले हिरे नव्हेत. हेही मान्य करायला हवे. कुड्यांतल्या चिमुकल्या खड्यांनी कुणाचे नशीब पालटणार नाही, आणि तसे सांगणाऱ्यापासून सावधच राहावे. पण भाव कमी असणे वेगळे आणि शून्य धरला जाणे वेगळे. मागणी परदेशापुरती राहिलेली नाही. तोच खडा पुढे नव्या अंगठीत ‘अँटिक’ म्हणून देशातच विकला जाऊ शकतो. पहिल्या विक्रेत्याच्या बिलावर त्याचा उल्लेखही नसेल, तर तो सगळा फरक मधल्या हातांत राहतो. फॅशन ओसरेल हा धोकाही आहेच, म्हणून गुंतवणूक समजून जुने हिरे साठवण्याचा सल्ला मी देणार नाही. मात्र फॅशन ओसरली तरी हाताने पैलू पाडलेल्या जुन्या खड्यांची संख्या वाढत नाही. ती दर मोडीगणिक घटतेच.

म्हणून खरेदीदाराने चकाकीपेक्षा कागद आधी मागावा. खडा नैसर्गिक आहे, कट मुळातला आहे, पुन्हा घासलेला नाही, कडेला टवका नाही, हे लेखी असावे. जीआयए जुन्या कटला ‘ओल्ड माइन’ किंवा ‘ओल्ड युरोपियन’ असे नाव देते पण कटची श्रेणी देत नाही. त्यामुळे ‘उत्कृष्ट कट’ असे सांगून जुना हिरा विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. विकणाऱ्याने सोन्याचा आणि हिऱ्यांचा हिशेब वेगळा मागावा आणि दोन-तीन ठिकाणी दाखवल्याशिवाय मोडीला हात लावू देऊ नये. सराफांच्या संघटनांनीही यात आपले हित पाहावे. ज्या दुकानात जुना खडा ओळखला जातो, तिथेच पुढची पिढी दागिने घेऊन येईल. सरकारने सोन्याच्या हॉलमार्कला सहा अंकी-अक्षरी क्रमांक दिला, पण कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिने त्या सक्तीतून वगळले. ज्या दागिन्यांत जुने खडे जास्त, तेच नोंदीबाहेर राहिले. जुने दागिने विकत घेताना प्रत्येक बिलावर खड्यांची संख्या, अंदाजे वजन, कट आणि दिलेली किंमत लिहिण्याची सक्ती करायला नवी यंत्रणा लागत नाही, एक ओळ लागते. ती ओळ आली की हिऱ्याला मोड आहे की नाही, हे सराफाच्या शब्दावर नव्हे तर कागदावरच्या आकड्यावर ठरेल.