सुकाणू हातात देऊन बघा

चेसापीक उपसागरात शनिवार-रविवारी शिडाची बोट घेऊन हिंडणाऱ्या हौशी माणसाला कधीतरी वाटतं, पैसे घेऊन चार पाहुण्यांना फिरवून आणावं. पैसे घ्यायचे म्हटलं की अमेरिकेत तटरक्षक दलाचा परवाना लागतो. त्यातल्या पहिल्या पायरीच्या परवान्याला तिकडे ‘सिक्स-पॅक’ म्हणतात, कारण त्यावर पैसे देणारे जास्तीत जास्त सहाच प्रवासी नेता येतात.

मुख्य अट पाण्यावर काढलेल्या दिवसांची. एकूण ३६० दिवस, त्यांतले ९० गेल्या तीन वर्षांतले. निदान चार तास बोटीवर गेले तरच तो दिवस धरतात. वर्षाला ४० दिवस बोट काढणाऱ्याला हा हिशेब पुरा करायला ९ वर्षं लागतात. बोट स्वतःची असेल तर मालकीचा पुरावा जोडून दिवसांखाली सही स्वतःच करायची. सरकारने हौशी माणसाच्या शब्दावर टाकलेला हा विश्वास मोलाचा आहे. समुद्रावर नोकरी न केलेल्यांनाही त्यामुळे कप्तान होता येतं.

मग वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि लेखी परीक्षा. समुद्रावरच्या वाहतूक नियमांच्या पेपरात ९० टक्के गुण हवेत आणि ते योग्यच आहे. धुक्यातून चाललेल्या शिडाच्या बोटीने दोन मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा एक लांब, दोन आखूड असा भोंगा द्यायचा असतो. समोरून जहाज येत असताना पुस्तक उघडायला सवड नसते.

एवढं झाल्यावरही बोट चालवून दाखव, असं त्याला कोणीच म्हणत नाही.

मोटारीच्या परवान्यासाठी मोटार चालवून दाखवावी लागते, इथे मात्र सहा जणांचा जीव कागदावर सोपवला जातो. निवांत वाऱ्यात भटकण्यात गेलेला दिवस आणि ओहोटीच्या ओढीत, रात्रीच्या अंधारात धक्का गाठलेला दिवस नोंदीत सारखेच ठरतात.

ब्रिटनमध्ये ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ या कप्तानाच्या प्रमाणपत्रासाठी ५० दिवस पुरतात, पण २,५०० सागरी मैल आणि रात्रीचे प्रवास गाठीशी लागतात. शिवाय परीक्षक स्वतः बोटीवर चढतो. एकट्या उमेदवाराची परीक्षा ८ ते १२ तास चालते. माणूस पाण्यात पडलाय असं धरून बोट वळवून त्याच्यापाशी आणावी लागते.

अमेरिकेने दिवसांची अट आणि सहीवरचा विश्वास जरूर ठेवावा, पण पाण्यावरची परीक्षा त्याला जोडावीच. तटरक्षक दल मान्यताप्राप्त शाळांना लेखी परीक्षा घेऊ देतंच; त्यांतल्या ज्यांच्याकडे बोटी आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.