पारख तव्याची आणि बातमीची

९ मे २०२५, शुक्रवार. मुकुंदवाडीजवळच्या एका वस्तीत आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले आणि बोलणं बिडाच्या तव्यावर गेलं. एका ताईंचा नवा तवा आठ दिवसांत गंजला होता. "साबण लावलास ना? बिडाला साबण चालतच नाही," मावशी म्हणाल्या. दुसरी म्हणाली, "मी रोज लावते, माझ्या तव्याला काही झालं नाही."

मग काय, उलटतपासणीच सुरू झाली. तवा किती वर्षांचा? धुतल्यावर पुसतेस का? त्यात चिंचेचं, टोमॅटोचं काही शिजवलंस का? शेवटी निघालं ते असं, की तवा रात्रभर मोरीत ओला पडून होता. दोष साबणाचा नव्हता. मावशींचंही अगदीच चूक नव्हतं. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोड्याचा अंश असायचा. तेल तापून बिडावर जो काळा थर बसतो, तो त्याने निघायचा. आजच्या सौम्य साबणाने तसं होत नाही. धुवावा, लगेच पुसावा, गॅसवर कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवावा. सगळ्यांना पटलं.

दहा मिनिटांनी विषय युद्धाचा निघाला. आदल्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं होतं. "मी स्वतः टीव्हीवर पाहिलं," एक जण म्हणाली. दुसरीने हळूच विचारलं, "पण खरं कशावरून?" त्यावर उत्तर आलं, "जवान लढत असताना असं विचारायचं नसतं." पुढे बोलणं 'यांचं' आणि 'त्यांचं' यावर गेलं. गटातल्या दोन मुस्लिम मैत्रिणी खाली मान घालून बसल्या होत्या. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत.

मैत्रिणींनो, मीही त्या दिवशी गप्प बसले. गटातले मतभेद दाबायचे नसतात, हे एम.एस.डब्ल्यू.च्या पेपरात मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात मी विषय बदलला.

कराचीची बातमी खोटी होती. एका वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, बाकीच्या बहुतेक पुढच्या बातमीकडे वळल्या. सीमेपलीकडच्या माध्यमांनीही खोट्याची कमतरता ठेवली नाही. पण खोट्याची किंमत कोण मोजतं? ७ मे रोजी पूंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात मदरशातला एक शिक्षक मारला गेला. काही वाहिन्यांनी त्याला दहशतवादी ठरवलं. पूंछच्या पोलिसांनी ते खोटं असल्याचं सांगितलं. जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पण त्या घरातल्या बाईला नवऱ्याचा शोक करण्याआधी तो निर्दोष असल्याचं सांगत बसावं लागलं असेल, त्याचं काय?

बाईचं दुःखही माध्यमांना हवं असतं, मात्र ते मुकं हवं. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यात नौदलातला एक तरुण अधिकारी मारला गेला. मृतदेहाशेजारी बसलेल्या त्याच्या पत्नीचं छायाचित्र देशभर फिरलं. मुस्लिमांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, असं तीच जेव्हा म्हणाली, तेव्हा तिच्यावर घाणेरड्या शिव्यांचा वर्षाव झाला. राष्ट्रीय महिला आयोगाला तिच्या बाजूने निवेदन काढावं लागलं.

जवानांबद्दल आदर आणि वाहिनीवर विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्धाच्या काळात सगळंच सांगता येत नाही, हे मान्य. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. हा रोग आपल्याकडचाच नाही. २००३ साली इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याच्या बातम्या अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांनी छापल्या. शस्त्रं सापडली नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सने २००४ मध्ये आपण पुरेशी पारख केली नसल्याची कबुली दिली. तोवर युद्ध सुरूही झालं होतं.

बायकांना राजकारण कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमची तव्यावरची चर्चा ऐकायला हवी होती. पुरावा कसा मागायचा, जुना समज कसा तपासायचा, चूक निघाली तर कशी मान्य करायची, हे सगळं आम्हाला येतं. फक्त ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबतं. मोठ्या गोष्टींत प्रश्न विचारणं आपलं काम नाही, असं आपल्याला शिकवलं गेलं आहे.

नंतर मी त्या दोघींच्या घरी गेले. एक परत येऊ लागली. दुसरी म्हणाली, "दीदी, उस दिन आप भी चुप थीं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता बैठकीत बातमी निघाली की आम्ही तव्यासारखेच प्रश्न विचारतो. हे कुणी पाहिलं? कधीचं चित्र आहे? दुसऱ्या बाजूला विचारलं का? चुकलं तेव्हा यांनी कबूल केलं होतं का? भांडणं होतात, होऊ देत. पण मान खाली घालून कुणी बसलेलं नसावं.

तुमच्या गटात काय घडलं? जरूर लिहा.