‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन?

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून हे आत्ताच लिहितोय.

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरकर सकाळी उठला की दोनच गोष्टी विचारतो. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? राधानगरीचे दरवाजे किती उघडले? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. चिखली-आंबेवाडीच्या माणसाला जनावरं कधी हलवायची, हे त्या एका आकड्यावर ठरवायचं असतं.

आणि नेमका तेव्हाच साइटवर गोल चक्र फिरत बसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सर्व्हर डाऊन आहे, लोड आलाय.’

ही पळवाट आहे. आधी स्वतःचंच सांगतो. मागच्या पावसाळ्यात आमचं न्यूज पोर्टल उघडायला अर्धा मिनिट लागायचं. साइट बनवणारा म्हणाला, मोठा सर्व्हर घ्या. घेतला. फरक शून्य!

मग रात्री बसून शोधलं. फोटो मोबाइलवरून थेट चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. प्लगिन तीसच्या वर, निम्मे कुणी आणि का टाकले कुणालाच ठाऊक नाही. कॅशे, म्हणजे तयार पान साठवून ठेवायची सोय, बंद. एकच बातमी हजार जणांनी उघडली की हजार वेळा डेटाबेसमधून नव्यानं पान तयार! मिसळीच्या हॉटेलात प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा कट शिजवला तर काय होईल?

साइटची एक प्रत काढली. तिच्यावर एकेक प्लगिन बंद करून वेळ मोजला. दोन चोर सापडले. फोटो दीडशे केबीवर आणले, बातम्यांच्या साठलेल्या जुन्या आवृत्त्या काढल्या, कॅशे सुरू केला. साइट तीन सेकंदांत उघडायला लागली आणि आम्ही मुकाट जुन्या सर्व्हरवर परत आलो.

लोड खरा असतो, मान्य. पण पावसाळा काय न सांगता येणारा पाहुणा आहे? आणि लोकांच्या पैशातल्या साइटवर आधी साहेबांचे फिरते फोटो आणि पाण्याचा आकडा तळाला पीडीएफमध्ये, हा कुठला न्याय?

मागणी साधी आहे. पाण्याची पातळी सगळ्यात वर, साध्या अक्षरात, वेळेसकट. आकडा बदलला की जुना कॅशे पुसायचा, नाहीतर लोकांना कालचंच पाणी दिसेल. साइटच्या कंत्राटात दरवर्षीची देखभाल हवी. आणि १ जूनच्या आत चाचणी घ्या, ऑफिसच्या वायफायवर नव्हे, नदीकाठच्या गावात, साध्या मोबाइलवर.

पुढच्या वेळी कुणी ‘सर्व्हर डाऊन’ म्हणालं तर गप्प बसू नका. विचारा: कॅशे सुरू आहे का? फोटो केवढा आहे? शेवटची तपासणी कधी झाली?

पाणी काय आमची साइट उघडायची वाट बघत थांबणार नाही.