दूध आणि ढोर

या अंकाचं संपादकीय खाण्यावर आहे. काहीजण नाक मुरडतील. अत्याचाराची प्रकरणं पडलीत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि यांना चहा-दुधाचं सुचतंय! सुचतंय खरं. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवताना या व्यवस्थेनं आधी आपला पाणवठा तोडला, मग आपल्या ताटात काय पडावं हे ठरवलं. त्या ताटाबद्दल बोलायला आम्ही लाजत नाही.

आमच्यातला एकजण पुण्यात शिकतो. गेल्या वर्षापासून त्यानं दूध सोडलंय. दूध, दही, तूप, ताक, खवा, सगळं बंद. मटण-अंडं तो आधीपासूनच खात नव्हता. त्याच्या आज्यानं पंढरीची माळ घातली तेव्हाच घरातलं वशाट बंद झालं. (माळ घातल्यावर गावच्या पंगतीत जागा मिळाली का? म्हातारा माळेसकट पंगतीबाहेरच बसला.) म्हणजे गडी शाकाहारी होताच, आता 'वेगन' झाला. परवा आम्ही सगळे वारंगा फाट्याला उतरलो. नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूर-तुळजापूर रस्ता एकमेकाला भेटतात तो हा फाटा. इथली खिचडी न खाता पुढं गेलेला ड्रायव्हर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. पिवळीजर्द खिचडी आली, तळलेली मिरची आली, बाजूला कढीची वाटी आली. यानं वाटी सरकवली आणि हॉटेलातल्या पोराला विचारलं, "खिचडीत तूप टाकता का?" पोरगं हसायलाच लागलं. "तूप कुठलं हो भाऊ, तेल हाय, तेल!" मग चहा. याला कोरा. तिथं भांडण पेटलं.

एक म्हणाला, च्यायला, हे बामणांचं नवं सोवळं. दुसरा म्हणाला, बापजाद्यांना दूध मिळालं नाही, आपल्याला आत्ता कुठं मिळायला लागलं, तर हा सोडून मोकळा. तिसऱ्यानं त्याला थेट आश्रमातच धाडला. तो एवढंच म्हणत राहिला, की वासराच्या तोंडचं ओढून घेतलेलं मला घशाखाली जात नाही. बस सुटायची वेळ झाली म्हणून भांडण थांबलं, पण मिटलं नाही. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या पोराचा प्रश्न खरा आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. दुधाला हात घातला की या देशातल्या शाकाहाराचं बिंग फुटतं.

१९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याचे मूठभर साथी तिथल्या शाकाहाऱ्यांपासून वेगळे झाले. मांस सोडता आणि दूध पिता, तर खाटकाचा धंदा तुम्हीच चालवता की, असं त्यांचं साधं म्हणणं. शब्दसुद्धा त्यांनी 'व्हेजिटेरियन'चं इंग्रजी स्पेलिंग घेऊन पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून केला. मधलं पोट कापूनच टाकलं! तिकडं तो शाकाहाऱ्यांचा घरातला तंटा होता. इकडं तोच प्रश्न विचारला की जात उघडी पडते. कारण इथला शाकाहार भाजीपाल्यावर उभा नाही. तो दुधा-तुपावर उभा आहे. पंचामृत दुधाचं, नैवेद्य तुपाचा, होमात तूप, प्रायश्चित्ताला पंचगव्य. जनावराच्या अंगातून निघालेलं हे सगळं शुद्ध, आणि तेच जनावर मेलं की अशुद्ध. मेल्यावर ते कुणाकडं यायचं? आपल्याकडं.

हिंगोली जिल्ह्यातच नर्सी आहे, नामदेवाचं गाव. लहानग्या नामदेवानं हट्ट करून विठोबाला दूध पाजलं, ही कथा महाराष्ट्रापासून पंजाबपर्यंत सांगतात. आणि तोच विठोबा चोखोबाबरोबर मेलेली ढोरं ओढायला आला, हेही वारकरीच सांगतात. दोन्ही कथा एकाच देवाच्या, आणि मी म्हणतो, दोन्ही एकाच जनावराच्याही. एकाच्या वाट्याला वाटीतलं दूध, दुसऱ्याच्या वाट्याला गावाबाहेर ओढत न्यायचं धूड. कीर्तनात पहिली कथा रंगवून सांगतात. दुसरी आली की बुवा झटकन पुढं सरकतात.

आता व्यवहार बघा. गाय दूध देते कारण ती व्याली. व्याली की निम्मी वासरं गोऱ्हे. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. आपल्याकडची लाल कंधारी गाय दुधाला बेताचीच, तिचं मोल तिच्या बैलात. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. डेअरीला तर गोऱ्हा नकोच आहे. आता सरकारच कालवडीच जन्माव्यात म्हणून निवडलेल्या रेतनाच्या कांड्या वाटतं. म्हणजे गोऱ्ह्याचं करायचं काय, हा प्रश्न सरकारलाही ठाऊक आहे, फक्त तो मोठ्यानं बोलायचा नाही. १९९८पासून हा देश जगात सर्वांत जास्त दूध काढतो. एवढं दूध निघतं तेव्हा आटलेल्या गाई आणि नको असलेले गोऱ्हे कुठंतरी जातातच ना? १९७६च्या कायद्यानं महाराष्ट्रात गोहत्या बंद होतीच. मार्च २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. शेतकऱ्याचा म्हातारा बैल विकायचा बंद झाला, गरिबाचं स्वस्त मटण बंद झालं, खाटीक-कुरेशी घरी बसले. दूध मात्र बंद झालं नाही. म्हैस कायद्याबाहेर राहिली. दूध तीही देते, गाईपेक्षा दाट देते. पण माता नाही. काळी पडली ना!

आणि जनावर मेलं की काय होतं ते ११ जुलै २०१६ला गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळात जगानं पाहिलं. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून फोडून काढलं. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची माता आहे ना, मग तुम्हीच तिची माती करा. आणि मागणी काय केली, तर जमीन.

सोडण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. १९ आणि २० मार्च १९२७, महाड. पाणी प्यायला जाण्याआधी बाबासाहेबांनी परिषदेत सांगितलं होतं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं सोडा. लोकांनी सोडलं. ज्या घरात चान्या वाळत घातलेल्या असत, पोरांच्या पोटाला दुसरा आधार नसे, त्या घरांनी सोडलं. ढोर ओढायला नकार दिला म्हणून गावोगाव बहिष्कार सोसला. आणि तिकडं सवर्णांनी काय केलं? आपण शिवलेलं चवदार तळं शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध आणि दही भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. तळं बाटलं होतं आपल्या ओंजळीनं आणि शुद्ध झालं शेणानं! त्या दिवसापासून दूध हे नुसतं अन्न राहिलं नाही, निदान आपल्यासाठी तरी. म्हणून एखाद्या आंबेडकरी पोरानं दुधाचा पेला खाली ठेवला तर मला त्यात आश्रम दिसत नाही. त्याला ठाऊक असो-नसो, त्या १०८ घागरींचा हिशेब त्यात आहे.

पण थांबा. महाडला जे सोडलं ते मांस म्हणून सोडलं नाही. लाचारी म्हणून सोडलं. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये उलगडा केला, की बौद्धांवर मात करायला ब्राह्मणांनी गोमांस सोडलं आणि पुढं तेच खाण्यावरून माणसं अस्पृश्य ठरवली. वरच्यानं सोडलं आणि त्याच सोडण्यानं खालच्याला ठोकलं. तिथं माझं त्या पोराशी भांडण सुरू होतं.

महात्म्याचीही एक गोष्ट सांगून टाकतो. १९१२ला टॉलस्टॉय फार्मवर गांधींनी दूध सोडलं. गाई-म्हशींवर दुधासाठी होणारे हाल वाचले होते म्हणून. पुढं आजारानं अंथरूण धरलं. १९१९च्या सुरुवातीला डॉक्टर दलाल म्हणाले, दुधाशिवाय उठायचे नाही. कस्तुरबांनी तोड काढली: शपथ गाई-म्हशीची, शेळीचं घ्या. घेतलं. शपथेचा शब्द पाळला, अर्थ बुडाला, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. याबद्दल मला त्यांना हसायचं नाही. आजारी माणसानं दूध प्यावं. प्रश्न एवढाच, की महात्म्याच्या उशाशी डॉक्टर होता, शेळी होती, पर्याय होता. आपल्या आजीपुढं कोणता पर्याय होता?

हल्ली शहरात एक नवीन टूम आहे. आमच्या आज्या तर आधीपासून वेगनच होत्या हो! ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, सगळं वनस्पतीजन्य. मित्रांनो, असलं लाडं-लाडं बोलू नका. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ला आलं, त्याचं इंग्रजीही आता झालंय. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं ते त्यात वाचा. दूध, तूप, मध यांचा त्या चुलीला वासही नव्हता, आणि रक्त-आतडी-चान्या मात्र होत्या. दूध नव्हतं कारण गाय नव्हती. गाय नव्हती कारण कडब्यापुरती जमीन नव्हती. गायरानावर चार तासं नांगरली तर आजही 'अतिक्रमण' म्हणून नोटीस येते. उपासमारीला व्रत म्हणायचं काम हजारो वर्षं इतरांनी केलं. आपण कशाला करायचं?

आणि त्या पोराला एक खासगीत सांगायचं ते जाहीर सांगतो. पुण्यात तू जे सोयाबीनचं दूध पितोस, ते सोयाबीन आपल्या हिंगोली-नांदेडच्या रानातलंही असेल. ते कापताना आपल्याच बायांचे हात शेंगांनी सोलपटतात. २०२४-२५च्या हंगामाला हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजार त्याच्या खालीच लोळला. शेतकऱ्याला भाव नाही तर मजुराला काय मिळणार? त्याच सोयाबीनची पेंड कोंबड्यांना आणि डेअरीच्या गाईंना जाते, तो भाग वेगळाच. जनावराचे हाल दिसणाऱ्या डोळ्याला कापणी करणारीही दिसली पाहिजे. दिसते का? तुला दिसत असेल. तुझ्या त्या कॅफेतल्या दोस्तांना विचार. आणि हो, बी-१२ची गोळी घेत जा. चळवळीला अशक्त माणूस परवडत नाही.

आता मूळ मुद्दा. कोणी काय खावं, काय सोडावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण इथं सोडणाऱ्याचा हात लगेच दुसऱ्याच्या ताटाकडं जातो. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत काय झालं? मेसमध्ये 'फक्त शाकाहारी' असं लिहिलेली पत्रकं लागली. पोरांनी बोंब ठोकली, तर सहा टेबलं अधिकृतच शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली. त्या टेबलावर बसून निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड. बैल कापल्याचा दंड दहा हजार, आणि टेबलाला मटणाचं ताट लावल्याचाही दहा हजार! त्या सहा टेबलांवर दूध-दही-पनीर बिनधास्त चाललं असणार. वेगन पोरानं तिथं उभं राहून विचारायला हवं होतं, की यात शुद्ध काय आहे?

आणि शाळेतलं अंडं. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं. फक्त एक. लगेच धर्म बुडायला लागला. जानेवारी २०२४मध्ये सरकारनं पळवाट काढली, की चाळीस टक्के पालकांचा विरोध असेल तर त्या शाळेत अंडं नाही. म्हणजे साठ टक्क्यांना हवं असलं तरी नाही, हे कुठलं गणित? जानेवारी २०२५मध्ये अंड्याचा पैसाच काढून घेतला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आता पोरं कोणाची आहेत? ऊसतोडीला गेलेल्यांची, वीटभट्टीवरच्यांची, पारधी वस्तीतली, आपली. यांच्या गावात लोकसहभागाला लोक कुठले?

तेव्हा त्या मित्राला माझं सांगणं असं. तू अंडं खाऊ नकोस. दूध पिऊ नकोस. आमच्यातला कोणी तुझ्या कोऱ्या चहाची टिंगल करणार नाही, केली तर मला सांग. पण कळमनुरी, औंढा, वसमत तालुक्यांतल्या शाळांचं काम निघालंय, त्यात तू हवास. शाळेत जायचं, खिचडीच्या पातेल्यापाशी थांबायचं, पोरांना विचारायचं: अंडं मिळतं का, कितीदा, पूर्ण की अर्धं, न खाणाऱ्याला त्याऐवजी केळ मिळतं का, पैसे सरकार देतं की मास्तर खिशातून घालतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळतात, तेही लिहायचं. आणि पोरं एका ओळीत बसतात की दोन, हे न विचारता नुसतं बघायचं.

नोंदी वहीच्या कागदावर चालतील. शाळेचं नाव, तारीख आणि वार नक्की घाला, कारण अंडं असलं तर ठरल्या वारीच असतं. पुढचा अंक छापायला जायच्या आधी पत्त्यावर पोचवा. मटण खाणाऱ्यांनीही आणि कोरा चहा पिणाऱ्यांनीही.